मोलिटर म्हणजे गिरणीवाला

“दादा, जरा किडं झाल्यात बगा. दळलं तर चालतंय न्हवं?”

पावसाळ्यात दिवसातून चार-पाच वेळा हा प्रश्न गिरणीच्या कट्ट्यावर येतोच. विचारताना आवाज खाली गेलेला असतो आणि डब्याचं झाकण अर्धंच उघडलेलं असतं. धान्याला कीड लागली म्हणजे घरातली बाई ढिसाळ, असं मानणाऱ्या सासवा आमच्या खानापुरात अजून शिल्लक आहेत. मी झाकण पुरतं काढतो, डब्यात कोपरापर्यंत हात घालतो आणि तळातली मूठभर ज्वारी वर काढून नाकाला लावतो. सोंडे काय, डोळ्यांना दिसतातच. हात घालतो तो धान्य आतून गरम लागतंय का बघायला. वास कशाचा घेतो ते पुढं सांगतो.

मी बी.एस्सी. झूलॉजी. बेळगावला तीन वर्षं झुरळं फाडली, मग वडील अंथरुणाला खिळले आणि मोटर, पट्टा, जातं माझ्या गळ्यात आलं. त्याला आता पंचवीस वर्षं झाली. वरची पाटी आधी मराठीत होती, आता नियमाप्रमाणं तिचा साठ टक्के भाग कन्नडमध्ये आहे. पीठ तेवढंच पांढरं पडतं.

तर गणपतीला भाचा आला. नेदरलँड्समध्ये असतो, कॉम्प्युटरचं काहीतरी करतो आणि बक्कळ कमावतो. बॅगेतून एक चपटा पुडा काढला आणि म्हणाला, “मामा, हे खास तुमच्यासाठी. किड्यांची बिस्किटं.”

आई सोप्यात वाती वळत बसली होती. “काय आणलास रे?”

“आज्जी, अळ्यांचं पीठ घालून केलेली बिस्किटं. प्रोटीन असतंय.”

“माझ्या ताटाच्या आसपास ठिवू नकोस ते,” म्हणाली, आणि गळ्यातली माळ चाचपून परत वातीकडं वळली. माळकरी बाई, तिच्याशी काय वाद घालणार. तिच्या बी.पी.च्या गोळ्यांवर जी चकाकी असते ती कधीकधी लाखेची असते, आणि लाख म्हणजे किड्यानंच फांदीवर काढलेला डिंक, हे मला माहीत आहे. पण सणाच्या दिवशी घरात कोण भांडण ओढवून घेतो?

मी पुडा उलटा केला. सगळं डचमध्ये. पण घटकांच्या यादीत एक लॅटिन नाव ओळखीचं निघालं: तेनेब्रिओ मोलिटर. कॉलेज सुटल्यापासून हे नाव डोळ्यांसमोर आलं नव्हतं. मोलिटर म्हणजे लॅटिनमध्ये गिरणीवाला. थंड मुलखातल्या गिरण्यांत आणि पिठाच्या कोठारांत राहणारा हा काळपट भुंगा. त्याच्या पिवळ्या अळीला इंग्रजीत मीलवर्म म्हणतात. आमच्या उष्ण हवेत तो फारसा दिसत नाही, आमच्याकडं त्याचे तांबूस चुलतभाऊ असतात. म्हणजे गिरणीवाल्यांनी शेकडो वर्षं ज्याला झाडूनं मारलं, त्याचाच फराळ करून भाच्यानं गिरणीवाल्या मामाला आणला होता. मला हसूच फुटलं.

आता हे खाणं सुरक्षित की नाही? भाच्याचं उत्तर तयार होतं: “युरोपनं परवानगी दिलीय मामा, म्हणजे झालं की.” परवानगी दिलीय हे खरं आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं जानेवारी २०२१ मध्ये या वाळवलेल्या अळीबद्दल अनुकूल मत दिलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती बाजारात आणायला मंजुरी मिळाली. ‘नवं अन्न’ म्हणून तिथं पास झालेला हा पहिला किडा. मागून टोळ आला, रातकिड्यासारखा घरगुती क्रिकेट आला. सिंगापूरनं २०२४ मध्ये एकदम १६ जातींना दार उघडलं. पण मंजुरीचा कागद नीट वाचला तर त्यात ‘किडे सुरक्षित आहेत’ असं सरसकट वाक्य सापडत नाही. अमुक जातीचा किडा, अमुक खाद्यावर वाढवलेला, अमुक रीतीनं मारून वाळवलेला, बिस्किटात शंभर ग्रॅमला फार तर दहा ग्रॅम, असं ते बांधून दिलेलं आहे. मारायच्या आधी अळ्यांना निदान २४ तास उपाशी ठेवायचं, म्हणजे पोट रिकामं होतं. आपण अळी आतड्यासकट खातो हे विसरायचं नाही. कोंबडीची आतडी आपण काढून टाकतो, अळीची कोण काढणार?

मग उकळत्या पाण्यात घालतात. त्यानं बहुतेक जंतू मरतात. पण काही जंतू असे चिवट असतात की स्वतःभोवती कवच करून गप्प पडून राहतात, आणि वाळवलेल्या पावडरीतही टिकतात. कोरडं आहे तोवर काही नाही. ओलं करून उबेत ठेवलं की उठतात. ज्यांना यात काही विशेष वाटत असेल त्यांनी शिळ्या भाताची आठवण करावी. बॅसिलस सिरिअस नावाचा जंतू तिथंही हेच करतो. रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवून दुसऱ्या दुपारी खाल्ला की उलट्या होतात त्या त्याच्यामुळंच.

खाद्याचं म्हणाल तर ही अळी कोंड्यावर वाढते, आणि कोंड्यात कॅडमियम हा विषारी धातू असेल तर ते स्वतःच्या अंगात साठवून ठेवते. म्हणजे अळी कशी आहे यापेक्षा तिचा कोंडा कुठल्या शेतातला हे आधी विचारायला हवं. प्रोटीनचं गणितही थोडं फुगवलेलं असतं. प्रोटीन काढतात नायट्रोजन मोजून, आणि किड्याच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतं. ते न पचणारं कवचसुद्धा हिशेबात प्रोटीन म्हणून जमा होतं. हे सांगितल्यावर भाच्याचं तोंड जरा उतरलं.

तरी मी खाणार होतो. खरंच. किळस म्हणाल तर पंचवीस वर्षांत ती संपली. पुडा फोडला. आतली बिस्किटं साधीच, तपकिरी, तिळाच्या खाऱ्या बिस्किटांसारखी. एक हातात घेतलं, तेवढ्यात भाचा फोनवर पुड्याचं भाषांतर वाचायला लागला: “कवचधारी जलचर आणि धुळीतल्या माइट यांची अॅलर्जी असलेल्यांना…”

मी बिस्किट खाली ठेवलं.

मला दम्याचा पंप आहे. सहा वर्षांपूर्वी बेळगावच्या डॉक्टरांनी हातावर रांगेनं थेंब टाकून सुईनं टोचलं होतं. पंधरा मिनिटांनी इतर ठिकाणी काही नाही, दोन ठिकाणी मात्र गांधी उठल्या, पहिली रुपयाएवढी. ती धुळीतल्या माइटची. डोळ्यांना न दिसणारे आठ पायांचे जीव. दुसरी, तिच्याहून लहान, गव्हाच्या पिठाची. डॉक्टर म्हणाले, व्यवसाय काय? मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेतलं.

आणि आमची ही. माहेर कारवारचं, आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, चालत नाहीत. या दुःखावर तिच्या माहेरी अजून चर्चा होते. एका लग्नात सुंगटांचं हुमण, म्हणजे कालवण, खाल्लं आणि अर्ध्या तासात ओठ सुजून बोलता येईना. म्हणजे पुड्यावरची इशारत आमच्या जोडप्याला धरूनच लिहिली होती: एकाला माइट, दुसरीला सुंगट.

कारण सरळ आहे. किडा, कोळंबी, खेकडा, माइट ही सगळी एकाच वंशावळीतली मंडळी, सांध्या-सांध्यांच्या पायांची. त्यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं, आणि ते एकमेकांशी इतकं जुळतं की शरीराला फरक कळत नाही. सुंगटावर चिडलेलं शरीर अळीवरही चिडू शकतं. भाजा, तळा, ते प्रथिन सहजासहजी मोडत नाही. नेहमी सुंगटं खाऊन ज्यांना काही होत नाही आणि माइटचीही अॅलर्जी नाही त्यांना या बिस्किटानंही बहुधा काही होणार नाही. ज्यांना होतं त्यांनी एक तुकडासुद्धा ‘चव बघायला’ म्हणून घेऊ नये. घसा सुजला तर खानापुराहून बेळगावचं मोठं हॉस्पिटल २५ किलोमीटरच्या पुढं आहे.

रात्री झोप येईना. डोक्यात एकच: मी किडे खाल्ले नाहीत, पण पंचवीस वर्षं नाकावाटे आत घेतले. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून लाळेसारख्या द्रवानं बूच बसवते. अळी दाण्याच्या आत वाढते, बाहेरून दाणा धड दिसतो. पाखडून, चाळून वरचे सोंडे जातात, आतली अळी जात नाही. ती जात्यात जाते, तिचं पीठ होतं, त्यातलं थोडं पोळीत जातं आणि थोडं माझ्या छातीत. कोठारातल्या सोंड्यांच्या धुळीनं फुप्फुसं सुजण्याला इंग्रजीत नावच ‘मिलर्स लंग’ असं आहे. गिरणीवाल्याचं फुप्फुस. किड्याला आमचं नाव आणि आजारालाही आमचंच.

पोळीत जातं त्याची मला काळजी वाटत नाही. अमेरिकेच्या सरकारनं गव्हाच्या पिठासाठी आकडाच ठरवलाय: ५० ग्रॅम पिठात सरासरी ७५ किंवा त्याहून जास्त किड्यांचे तुकडे सापडले तरच कारवाई. म्हणजे त्याखाली चालतंय. किडा न खाल्लेला माणूस जगात नाही, माळ घातलेली माझी आईसुद्धा नाही. हे मी तिला सांगणार नाही.

म्हणून कट्ट्यावरच्या काकूंना मी काय सांगतो ते आता लिहितो. वरवरचे सोंडे असतील, धान्य हाताला थंड लागत असेल, तर चाळा, दोन उन्हं द्या, आणा, दळून देतो. आत हात घातल्यावर ऊब लागली तर मी दळत नाही. किडे श्वास घेतात, त्यातून ऊब आणि ओल सुटते, आणि ओलीवर बुरशी चढते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडतात. ते यकृतावर जातं आणि तव्यावरच्या भाकरीच्या आचेनं जात नाही. सोंडा दिसतो म्हणून सगळे त्याला घाबरतात. त्याच्या मागून आलेली बुरशी कुणी बघत नाही.

पिठात बारीक तांबडे भुंगे झाले आणि पीठ गुलाबीसर दिसायला लागलं, नाकाला झोंबणारा वास आला, तर ते टाकाच. तो भुंगा क्विनोन नावाचं उग्र रसायन सोडतो. त्यातली भाकरी कुणालाही गोड लागणार नाही. केसाळ अळ्या असतील तर त्याही नकोत, खापऱ्याच्या अळीचे केस आतड्याला टोचतात. आणि जुनं, ओलसर, महिनोन्‌महिने अर्धवट बांधून ठेवलेलं पीठ माझ्यासारख्या माइटवाल्यानं खाऊ नये. त्यात माइट माजतात, आणि तसल्या पिठाचं धिरडं खाऊन लोकांचा श्वास कोंडल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात आहेत.

आता वासाचं. तीन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक गव्हाचं पोतं घेऊन आलं. तोंड सोडलं तर लसणासारखा, कुजक्या मासळीसारखा भपकारा. तळाशी फडक्यात बांधलेली पुरचुंडी, आत राखाडी भुकटी. कुण्या दुकानदारानं ‘एक गोळी टाका, वर्षभर किडा फिरकणार नाही’ म्हणून दिलेली. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी ती. हवेतल्या ओलाव्यानं तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. गोदामात, बंद ताडपत्रीखाली, जाणकार माणसानं वापरायची वस्तू. आणि हे पोतं त्यांच्या घरात पोरं झोपतात त्या खोलीत, पलंगाखाली होतं. मी ओरडलोच त्या माणसावर. नंतर वाईट वाटलं, वयानं मोठा होता. किडा पोटात गेला असता तर काहीएक झालं नसतं. किडा मारायला आणलेल्या गोळीनं अख्खं घर गेलं असतं.

पाऱ्याच्या टिकड्या, तांदळाला चोळलेली बोरिक पावडर, हे सगळं याच जातीचं. नको. डाळीला एरंडेल, धान्याला ऊन, घट्ट झाकणाचा डबा. आणि नाचणी खा, तिला सहसा कीड लागतच नाही. जांबोटीकडच्या लोकांकडं तीन-तीन वर्षांची नाचणी बघितलीय मी, बियाण्यासारखी लखलखीत.

बिस्किटांचा विषय निघाला तेव्हा चिकोडी तालुक्यातले माझे साडू घरात होते. ऊसवाले. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळीनं बेजार झालेले. म्हणाले, “अळ्याच पायजेत तर आमची हुमणी पाठवतो की ट्रॅक्टर भरून.” सगळे हसले. तसं बघितलं तर यात अशक्य काही नाही. आसामात माजुली बेटावर हुमणीचे भुंगे भाजून खायला लोकांना शिकवलं गेलं. पण साडूंनी त्याच उसाच्या बुडात काय काय ओतलंय ते मला माहीत आहे, गेल्या श्रावणात मीच बेळगावहून डबा आणून दिला होता. ती हुमणी कुणी खाऊ नये, कोंबडीनंसुद्धा. २०२० च्या मे महिन्यात टोळधाड नागपूर-अमरावतीकडं उतरली तेव्हाही कुणीतरी व्हॉट्सअॅपवर टोळ तळायची रेसिपी फिरवली होती. टोळ खाण्याजोगा किडा आहे, पण त्यावर मॅलाथिऑनसारखं कीटकनाशक फवारलेलं असतं, तेही त्याच्यासोबत तव्यात येतं. आणि भेंडीच्या फुलावर बसणारा, काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला हिंगा तर मुळातच विषारी. त्यातलं कँथरिडिन शिजवून जात नाही, मूत्रपिंडं जाळतं. किडा खायचा तर आधी त्याची जात आणि त्याचं गाव माहीत पाहिजे.

हे ज्याला शिकवावं लागत नाही असा माणूस माझ्याच गिरणीत पोती उचलतो. सोमा. जोयड्याकडचा कुणबी, पन्नाशीचा. चिगळीची चटणी त्याच्या घरची. चिगळी म्हणजे झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या. आमच्याकडं काहीजण उंबील म्हणतात. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ मध्ये जी.आय. मानांकन मिळालं, तेव्हा मी त्याला पेपरातली बातमी वाचून दाखवली होती. “बरं झालं,” एवढंच बोलला.

एकदा त्यानं सगळं सांगितलं होतं. भल्या पहाटे, मुंग्या गारठलेल्या असताना फांदी तोडायची. घरटं भांड्यावर झटकायचं. अंडी-पिल्लं भरपूर असतील असं घरटं बघायचं, नुसत्या मोठ्या मुंग्या असतील तर आंबट फार होतं. तव्यावर मीठ टाकून भाजायच्या, मग मिरची, लसूण, ओलं खोबरं घालून पाट्यावर वाटायच्या. सर्दी-तापाला देतात म्हणे. त्या औषधाचं मला माहीत नाही, चटणीचं तोंडाला पाणी सुटण्याइतकं वर्णन त्यानं केलं. मी विचारलं, कुठलंही घरटं चालतं? तर मान हलवली. “काजूच्या बागेतलं न्हय. तिथं फवारतंत. आमी रानातलंच घेतांव.” बास. युरोपच्या कागदात जे खाद्याबद्दल लिहिलंय ते त्यानं तीन वाक्यांत सांगितलं होतं.

तर पुडा आठवडाभर हॉपरच्या वरच्या फळीवर पडून होता. भाचा परत गेला. फोडलेलं बिस्किट टाकवेना, तिथं एका पुड्याला चार युरो पडले असं तो जाताना बोलून गेला होता. दुपारी गिऱ्हाईक नसताना सोमाला विचारलं, “सुंगटं चालतात न्हवं तुला? अंगावर कधी गांधी, कधी घसा धरला?”

“कारवारचं बाजार भरून खाल्लंय,” म्हणाला.

मग त्याला पुडा दिला, आत काय आहे तेही सांगितलं. त्यानं एक बिस्किट उजेडाकडं धरून बघितलं, वास घेतला, अर्धं मोडून तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत राहिला. मी पंप खिशात ठेवून लांब, दाराजवळ उभा.

“काय?”

“किडो खंय हाय यात?” म्हणाला. “मीठ न्हय, मिरची न्हय.” आणि उरलेला पुडा मला परत देऊन पोतं उचलायला गेला.